ब्लॉकचेन, भिशी आणि आजीचा प्रश्न

‘तुला काय टेन्शन, कोर्स इंग्लिशमध्ये आहे आणि तू कॉन्व्हेंटची!’ पाचव्या सेमिस्टरला ब्लॉकचेनचा ऑनलाइन कोर्स घेतला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने मला हे एकदा तरी ऐकवलं. पहिल्या असाइनमेंटला शंभरपैकी चाळीस मिळाले. अहो, प्रत्येक शब्द कळत होता. वाक्य कळत नव्हतं, एवढंच!

म्हणून मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागितल्यावर मी हाच विषय घेतला. मराठीत सांगता आलं तर समजलं, नाही आलं तर नुसतं पाठ केलंय, असा माझा हिशोब. (शुद्धलेखन मॅडमनी तपासलंय. तरीही राहिलेल्या चुका माझ्या.)

कोर्स दोन केले. पहिला एनपीटेलवरचा ‘ब्लॉकचेन अँड इट्स अ‍ॅप्लिकेशन्स’, आयआयटी खरगपूरच्या प्रा. संदीप चक्रवर्ती आणि प्रा. शमिक सुराल यांचा, बारा आठवड्यांचा. दर आठवड्याला असाइनमेंट, त्यातल्या चांगल्या आठ धरून २५ मार्क आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. दुसरा कोर्सेरावरचा, ड्यूक विद्यापीठाच्या कॅम्पबेल हार्वे यांचा डीफायवरचा, चार भागांचा. डीफाय म्हणजे डीसेंट्रलाइज्ड फायनान्स. बँक, दलाल, मॅनेजर मध्ये नसताना कर्ज, ठेव, खरेदी-विक्री हे सगळं प्रोग्रामने चालवायचं. पहिल्यात मी कोडिंगवाली असून गणितात अडकले. दुसऱ्यात गणित बरं गेलं, पण ‘कोलॅटरल’ म्हणजे तारण हे आधी बाबांना विचारावं लागलं.

आता कारण सांगते, कारण ते नुसतं क्रेडिट्सचं नव्हतं. माझ्या आजीची ठेव एका पतपेढीत अडकली आहे. नाव लिहीत नाही. आजोबांच्या पेन्शनीतून साठवलेले पैसे होते. त्यात पनवेलकरांना हे दुखणं नवीन नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचं प्रकरण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात बोललं गेलंय. जून २०२१ मध्ये ईडीने बँकेच्या माजी अध्यक्षांना अटक केली. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींच्या वर पैसा फिरवला असा आरोप होता. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने लायसन्सच रद्द केलं. बँकेतल्या ठेवींना निदान पाच लाखांपर्यंत विमा असतो, तो ठेव विमा महामंडळ देतं, आणि कर्नाळ्याच्या ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं होतं. पतपेढीला हा विमा लागू नाही. हे आजीला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

अशा वेळी हार्वे सरांच्या पहिल्याच लेक्चरमध्ये जुन्या वित्तव्यवस्थेचे पाच दोष येतात. सत्ता मोजक्यांच्या हातात, सगळ्यांना प्रवेश नाही, कारभार महाग नि संथ, एका संस्थेचं दुसरीशी जुळत नाही, आणि कारभार अपारदर्शक. मी वहीत शेवटचा शब्द दोनदा अंडरलाइन केला. वाटलं, मिळालं! आता आजीला जाऊन सांगते की यापुढे मॅनेजरवर विश्वास ठेवायची गरजच नाही.

पण आधी यंत्र कसं चालतं ते बघू.

एक पासबुक समजा. प्रत्येक पानावरच्या मजकुराचा आपण एक ठसा काढतो, अंगठ्याच्या ठशासारखा. त्यासाठी शा-२५६ नावाचं गणित वापरतात. आत एक अक्षर घाला की अख्खी डिक्शनरी, बाहेर येणारा ठसा नेहमी २५६ बिटांचा. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो, आणि ठशावरून मजकूर परत काढता येत नाही. आता नियम असा, की प्रत्येक नव्या पानाच्या सुरुवातीला मागच्या पानाचा ठसा लिहायचा. कोणी तिसऱ्या पानावर ५०० चे ५००० केले तर तिसऱ्याचा ठसा बदलला, म्हणून चौथ्यावर लिहिलेला जुळेना. चौथं दुरुस्त केलं तर पाचवं जुळेना. शेवटपर्यंत सगळंच खोडावं लागतं. वर या पासबुकाच्या प्रती हजारो लोकांकडे. ही झाली ब्लॉकचेन. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला बिटकॉइनचा नऊ पानी पेपर आला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक तयार झाला. सातोशी कोण, हे आजतागायत ठरलेलं नाही.

हजारो प्रती म्हटल्यावर प्रश्न येतो, पुढचं पान कुठलं हे ठरवायचं कोणी? माझी दांडी इथेच गुल झाली. या प्रश्नाचं मूळ १९८२ च्या ‘बायझंटाइन सेनापतीं’च्या पेपरमध्ये आहे, लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांच्या. सेनापती सोडा, आपण मास बंक घेऊ!

तिघीजणी आहेत, त्यात एक खोटारडी. अनघा मेसेज करते, ‘उद्या बंक, कर्नाळा किल्ला.’ मला तिचा मेसेज आला. खात्री करायला मी चित्राला विचारलं, तर ती म्हणते, ‘मला तर अनघाने लेक्चरला बसते सांगितलंय.’ आता खोटं कोण बोलतंय? अनघाने दोघींना वेगळं सांगितलं, की चित्रा थापा मारते? मला कळायला काही मार्गच नाही. चौथी मैत्रीण आली की मात्र सुटतं. तिलाही विचारलं, ती म्हणाली बंक. अनघा, चौथी, दोन मतं बंकची, एक विरुद्ध, चला कर्नाळा! खोटारड्या जितक्या, त्यांच्या तिप्पट अधिक एक माणसं लागतात, हा तो प्रसिद्ध नियम. एका थापाडीसाठी चार, दोन असतील तर सात. हे कळलं त्या आठवड्यात मला असाइनमेंटला नव्वद मिळाले.

बिटकॉइनमध्ये मात्र ‘किती माणसं’ मोजताच येत नाहीत, एकजण हजार खोटी खाती काढेल. म्हणून तिथे मत मोजायच्या ऐवजी खर्च मोजतात. कॉम्प्युटरने वीज जाळून कोडं सोडवायचं, तो पुढचं पान लिहिणार. इथेरियममध्येही पूर्वी असंच होतं. १५ सप्टेंबर २०२२ पासून तिथे स्वतःचं इथर अनामत ठेवणारे पान लिहितात, लबाडी केली तर अनामत कापली जाते.

इथेरियम ३० जुलै २०१५ ला सुरू झालं आणि त्याने पासबुकात नोंदींच्या जोडीला प्रोग्रामही ठेवायची सोय केली. त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. डीफाय सगळं यावर उभं आहे.

त्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे दुकानदाराशिवाय चालणारं दुकान. युनिस्वॉप, नोव्हेंबर २०१८. एका टोपलीत १०० नारळ आणि गल्ल्यात ३००० रुपये आहेत असं धरा. गुणाकार ३,००,०००. नियम एकच, हा गुणाकार कमी होता कामा नये. तुम्हाला १० नारळ हवेत? मग उरणार ९०. गल्ल्यात ३,००,००० भागिले ९०, म्हणजे ३३३३ रुपये ३३ पैसे पाहिजेत. तुम्ही ३३३ रुपये ३३ पैसे टाका, नारळ घ्या. साधारण ३३ रुपयाला एक पडला, सुरुवातीचा भाव ३० होता. लोभ सुटून एकदम ५० उचलायला गेलात तर ३००० मोजावे लागतील, म्हणजे ६० ला एक! आणि सगळे शंभर? कितीही पैसे आणा, मिळणार नाहीत. भाव कोणी ठरवला? कोणीच नाही, एका गुणाकाराने. आमच्या मार्केटातल्या मावशीही हेच करतात म्हणा, टोपलीत शेवटची चार पापलेटं राहिली की त्यांचा भाव वेगळा असतो.

कर्जाचा प्रकार कळायला सोपा, कारण तो आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सोनेतारण! डीफायमध्ये बांगड्यांच्या जागी इथर ठेवायचं. हजार रुपयांचं इथर तारण ठेवून सातशे उचलले आणि मर्यादा ऐंशी टक्के असली, तर इथर ८७५ ला आलं त्या क्षणी मर्यादा गाठली. सोनार निदान नोटीस पाठवतो, ओळखीचा असला तर ‘आठ दिवसांत भरा काकू’ म्हणतो. इथे प्रोग्राम तारण लगेच विकायला काढतो.

इथे माझा पेन थांबला. तारणाशिवाय कर्ज का नाही? कारण प्रोग्रामला तुम्ही कोण हे माहीतच नाही. पळून गेलात तर शोधणार कुठे? म्हणजे ज्याच्याकडे आधीच हजार आहेत त्यालाच सातशे. लावणीसाठी बी-बियाणं घ्यायला, फी भरायला, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला शून्य. पतपेढ्या, बचत गट हे निघाले ते नेमके या माणसासाठी. ते कर्ज देतात ‘ओळखी’वर. हा अमक्याचा मुलगा, तमक्या आळीत राहतो, बुडवणार नाही. आणि बुडतात तेव्हाही बऱ्याचदा ओळखीनेच. संचालकाचा भाऊ, संचालकाचा मित्र, कागद नंतर देईल. जी गोष्ट पतपेढीला उभी करते तिनेच तिला पोखरलं जातं, आणि डीफायने ती गोष्टच काढून टाकली. औषध म्हणायचं की अवयव कापणं, हे मला कोर्सभर ठरवता आलं नाही.

मग मी प्रॅक्टिकल करायचं ठरवलं.

आईची भिशी आहे. बारा बायका, महिन्याला दोन दोन हजार, चोवीस हजार एकीला. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी उचलायला कोणाचं तरी लहान मूल. मी म्हटलं हीच भिशी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहू. सॉलिडिटी भाषेत, रीमिक्सवर, दोन रात्रीत. खरे पैसे नाहीत हं, सेपोलिया या सरावाच्या नेटवर्कवरचं फुकटचं इथर. (पॉलिगॉन हे आपल्या भारतीय मुलांनी २०१७ मध्ये मॅटिक नावाने काढलेलं नेटवर्क. त्यांच्या सरावाच्या नेटवर्कचं नाव २०२४ पर्यंत चक्क ‘मुंबई’ होतं!) वर्गातल्या आम्ही बारा मुली मेंबर, महिन्याच्या जागी आठवडा.

पहिलं अडलं ते लहान मुलावर. कॉम्प्युटरला खरी चिठ्ठी उचलता येत नाही, आणि ब्लॉकचेनवर तर सगळं उघडं असल्याने पुढची चिठ्ठी कशी निघेल याचा अंदाज बांधता येऊ शकतो. पान लिहिणाऱ्याला थोडी लबाडीही करता येते. सरावापुरतं चालवून घेतलं. आणि मोठ्या अभिमानाने कॉन्ट्रॅक्टला ‘मालक’ ठेवला नाही. कोणालाच, अगदी मलाही, मधे हात घालता येऊ नये. अपारदर्शक कारभार नको ना!

चार आठवडे झकास. पाचव्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन बिघडला, दुकानदाराने रीसेट मारला. वॉलेटचे बारा गुप्त शब्द तिने लिहून ठेवले होते, त्याच फोनच्या नोट्समध्ये. संपलं. बाकी अकरा जणींनी पैसे भरलेले, पण माझ्या कोडमध्ये ओळ होती, ‘बाराही जणींचे जमा झाले तरच चिठ्ठी काढ.’ मुदतीची ओळ नाही, पैसे परत द्यायची ओळ नाही, तिच्या वतीने दुसरीने भरायची सोय नाही. चढवलेला कोड बदलता येत नाही. अकरा जणींचे पैसे समोर दिसताहेत, जगात कोणालाही दिसतील, आणि जगात कोणालाही काढता येणार नाहीत. पारदर्शक म्हणजे किती पारदर्शक!

आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिच्या भिशीतल्या दोघींच्या घरचे पगार थांबले होते. बाकीच्यांनी फोनवर ठरवलं, त्यांनी नंतर भरावेत, आणि एकीचा नंबर पुढे असूनही तिला आधी दिला. कुठे लिहिलं नाही. सगळ्यांचे पैसे फिटले.

माझा बग हा नवशिक्याचा होता, मान्य. पण मोठ्यांचंही ऐका. १७ जून २०१६ ला ‘द डाओ’ नावाच्या कॉन्ट्रॅक्टमधल्या चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर काढून घेतलं. कोडने परवानगी दिली होती, म्हणजे नियमाने ती चोरीसुद्धा नव्हती! शेवटी जुलैमध्ये माणसांनी एकत्र येऊन इतिहासच बदलला, इथेरियमचे दोन फाटे झाले, आणि न बदलणारं पासबुक चालू ठेवणाऱ्यांचा फाटा इथेरियम क्लासिक म्हणून वेगळा निघाला.

दुसरं १२ मार्च २०२० चं. कोविडच्या भीतीने इथरचा भाव एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. मेकरडाओ या कर्ज देणाऱ्या व्यवस्थेत तारणांचे लिलाव आपोआप सुरू झाले. पण त्या दिवशी नेटवर्क इतकं तुंबलं की बोली लावणारे बरेचसे प्रोग्राम पोचलेच नाहीत. काहींनी शून्य बोली लावली. समोर कोणी नाही म्हणून शून्याला लिलाव सुटला! सुमारे ८३ लाख डॉलरचं तारण फुकट गेलं. कोड बरोबर चालला होता. मतदानाने नुकसानभरपाई नाकारली गेली, आणि ज्यांचं गेलं त्यांच्यातले काहीजण आधीच अमेरिकेतल्या कोर्टात पोचले होते.

परीक्षेच्या आदल्या रविवारी मी आजीला हे सगळं समजावायला बसले. इंग्लिशमध्ये शब्द आहे ‘ट्रस्टलेस’. मी पटकन म्हणून गेले, ‘आजी, ही अविश्वासू बँक असते.’ आजी म्हणाली, ‘ती तर आहेच आपल्याकडे!’ मग मी शब्द शोधत बसले. शेवटी म्हटलं, कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही अशी. तिने नारळ, सोनेतारण, पासबुक सगळं नीट ऐकलं. खोटी कर्जखाती यात पकडली जातील का, हेही विचारलं, आणि मला प्रामाणिकपणे ‘नेहमी नाही’ म्हणावं लागलं. पैसा कुठून कुठे गेला हे सगळ्यांना दिसेल, तेवढं लपणार नाही, हा मोठा फायदा. पण खात्यामागचा माणूस खरा की बनावट, हे ठशाला कळत नाही. खोटं लिहिलं तर खोटंच पक्कं होतं.

मग ती म्हणाली, ‘आणि यात काही चुकलं, तर मी कोणाच्या दारात जाऊन बसू गो?’

याचं उत्तर ना खरगपूरच्या नोट्समध्ये होतं ना ड्यूकच्या. ती गेली दोन वर्षं दर महिन्याला पतपेढीच्या दारात जाऊन बसते. पैसे मिळाले नाहीत, पण दार आहे. कोणीतरी मान खाली घालून बोलतं तिच्याशी.

याचा अर्थ हे तंत्र निरुपयोगी आहे असं मला वाटत नाही, उलट एका ठिकाणी ते मला फार पटलं. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागात जातीचे सुमारे ६५,००० दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम लेजिटडॉक या कंपनीच्या मदतीने हाती घेतलं गेलं. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तो खरा की फेरफार केलेला, हे कळतं. अ‍ॅडमिशनच्या वेळी दाखल्यासाठी कोणी किती खेटे घातलेत ते आपल्या कॅन्टीनमध्ये विचारा, म्हणजे याची किंमत समजेल. तिथे दाखला कोणी दिला हे माहीत आहे. प्रांत साहेबांची कचेरी आहे. चौकशी करून दाखला देणं माणसाने केलं, तो नंतर कोणी बदलू नये हे ब्लॉकचेनने. दोघांचं काम वेगळं ठेवलंय.

कोर्स करणाऱ्या ज्युनिअर्ससाठी दोन शब्द. व्हिडिओ दीडपट स्पीडने बघू नका, मी बघितले आणि पाचव्या आठवड्याला परत पहिल्यावर आले. कोड लिहा, आणि सरावाच्या नेटवर्कवरच लिहा. ‘कॉइन घे, दुप्पट होईल’ सांगणारे सिनिअर भेटतील. त्यांना गुणाकाराचा नियम विचारा, बहुतेक पळतील. आणि क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडे २०२२ पासून ३० टक्के टॅक्स आहे, तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही, हे ते सांगणार नाहीत.

मला शेवटी ७१ मिळाले. भिशीचं दुसरं कॉन्ट्रॅक्ट लिहिलंय, त्यात मुदत आहे, परतावा आहे आणि बारापैकी नऊ जणींनी होकार दिला तर नियम बदलायची सोय आहे. म्हणजे फोनवर ठरवतात तसंच, फक्त चाळीस ओळी जास्त! जुनं कॉन्ट्रॅक्ट तिथेच आहे. कधी कधी उघडून बघते, अकरा हप्ते तसेच पडलेत.

पुढच्या आठवड्यात पतपेढीच्या अवसायकांकडे आजीचा दाव्याचा अर्ज द्यायचा आहे. पासबुकाची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स लागतात. तिसऱ्या पानावरचा शिक्का पुसट झालाय, म्हणून तिने मला सांगून ठेवलंय की झेरॉक्स डार्क काढून आण.